लहान खोल्यांना कोणता रंग द्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकांच्या घरांचे रंग ठरवून देणं हे माझं रोजचं काम. त्यात ‘खोली लहान आहे हो, मोठी दिसेल असा काहीतरी रंग सांगा’ हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की शेवटी उत्तरं लिहूनच काढली. जो प्रश्न आपला वाटेल तिथून वाचायला सुरुवात करा. फक्त रंगाचा डबा आणायच्या आधी नमुन्याविषयीचा प्रश्न मात्र चुकवू नका.

रंगाने खोली खरंच मोठी दिसते, की ही आपली समजूत?

दिसते, पण अपेक्षा बेताची ठेवा. नऊ बाय दहाची खोली रंगाने बारा बाय चौदाची वाटणार नाही. दारातून आत पाऊल टाकल्यावर अंगावर येणारी भिंत जरा मागे सरकेल, छत डोक्याला टेकल्यासारखं वाटायचं थांबेल, एवढं नक्की जमतं.

खोली केवढी आहे याचा अंदाज डोळा मुख्यतः दोन गोष्टींवरून बांधतो. एक म्हणजे कडा: भिंत कुठे संपली, छत कुठे सुरू झालं, चौकट कुठे आली. दुसरी म्हणजे उजेड: तो कोपऱ्यापर्यंत पोचतो की मध्येच विरतो. कडा ठसठशीत असल्या की खोलीचं माप डोळ्याला क्षणात कळतं. त्या पुसट झाल्या आणि कोपरे उजळले की तोच अंदाज सैल पडतो. रंगाकडून ही दोनच कामं करून घ्यायची आहेत. खालची बहुतेक उत्तरं त्यांच्याभोवतीच फिरतात.

मग सरळ पांढरा लावून मोकळं व्हावं का?

खिडकी मोठी असेल आणि दिवसभर भरपूर उजेड येत असेल तर खुशाल लावा. अंधाऱ्या खोलीत मात्र पांढरा फसतो, आणि हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो.

एका घराची मागची खोली होती. तिची एकुलती एक खिडकी शेजारच्या इमारतीच्या राखाडी भिंतीकडे तोंड करून, मध्ये जेमतेम चार हातांचं अंतर. मी बिनधास्त शुभ्र पांढरा सांगितला. काम संपल्यावर सकाळी अकराच्या सुमारास पाहायला गेलो, तर खिडकीलगतची भिंत पांढरी आणि समोरचा कोपरा थेट पाटीच्या रंगाचा. घरच्या बाईंनी त्या कोपऱ्यावर बोट फिरवून पाहिलं आणि रंगाऱ्याला विचारलं, ‘इथे एक हात कमी मारलात का?’ बिचाऱ्याने सगळीकडे सारखेच हात मारले होते. चूक माझी होती. पांढरी भिंत समोर येईल तोच उजेड परत पाठवते. तिथे येणारा उजेडच थोडा आणि राखाडी, त्यामुळे भिंतही राखाडी.

पुढे त्याच खोलीला किंचित पिवळसर-तांबूस झाक असलेला मोतिया रंग दिला. तो पांढऱ्यापेक्षा कमी उजेड परत देतो, म्हणजे हिशेबाने खोली अधिक अंधारी व्हायला हवी होती. पण कोपऱ्यातली सावली आता मळ वाटेना, त्याच रंगाची गडद छटा वाटू लागली. पांढऱ्या भिंतीवरची सावली डाग दिसते, ऊबदार रंगाच्या भिंतीवरची सावली भिंतीतच मिसळते. ज्या खोलीत थेट ऊन कधीच येत नाही, तिथे शुभ्र पांढऱ्याऐवजी मोतिया, हस्तिदंती, फिकट बदामी किंवा अगदी पुसट अबोली झाक असलेले रंग बघा.

मोतिया, ऑफ-व्हाइट हे सगळे मला सारखेच दिसतात. फरक कसा ओळखू?

शेडकार्डाच्या तुकड्याखाली कोरा पांढरा कागद धरा. लपलेली झाक लगेच बाहेर येते: हा गुलाबीकडे झुकलाय, हा हिरवट आहे, हा निळसर. कागदाशिवाय अनुभवी डोळासुद्धा चकतो.

डब्यावर किंवा शेडकार्डावर ‘एलआरव्ही’ असा आकडा असतो. तो काय सांगतो?

भिंतीवर पडलेल्या उजेडापैकी किती टक्के उजेड ती भिंत परत फेकते, ते. शून्याच्या बाजूला काळा, शंभरच्या बाजूला पांढरा. बाजारातले चांगले पांढरे साधारण ८५ ते ९० च्या घरात असतात, फिकट झाकेचे ७० ते ८० मध्ये. गंमत अशी की डोळ्याला बरोब्बर मधला वाटणारा राखाडी मोजला तर जेमतेम १८ ते २० टक्के उजेड परत देतो. म्हणून ‘फार गडद नाही, मध्यमच आहे’ म्हणून निवडलेला रंग खोलीतला बराचसा उजेड गिळून बसतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

लहान खोलीत हा आकडा का महत्त्वाचा, ते जरा खोलात सांगतो, कारण इथे गणित मोठं मजेदार आहे. उजेड एकदा भिंतीवर आदळून संपत नाही. तो समोरच्या भिंतीवर जातो, तिथून छतावर, छतावरून पुन्हा खाली. समजा खोलीचे सगळे पृष्ठभाग सरासरी ५० टक्के उजेड परत देतात. मग या येरझाऱ्यांमुळे एकूण उजेड पहिल्या खेपेच्या दुप्पट होतो. सरासरी ७० टक्के झाली तर सव्वातीन पटींच्या थोडा वर जातो आणि ८० टक्क्यांना थेट पाचपट. म्हणजे ७० वरून ८० ला जाताना आकडा दहानेच वाढला, पण खोलीतला उजेड दीडपट झाला. प्रत्यक्षात फरशी, पलंग, पडदे ही सरासरी खाली ओढतात, त्यामुळे पुरती पाचपट कधी मिळत नाही. तरी कल वर चढणाराच राहतो.

माझा ठोकताळा: उजेड बरा असेल तर लहान खोलीच्या भिंतींना ६५ ते ८०, छताला ८० च्या वर. शेडकार्डावर आकडा छापलेला नसेल तर दुकानदाराला विचारा किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा, बहुतेक ठिकाणी मिळतो.

शेडकार्डावर छान दिसलेला रंग भिंतीवर भलताच का निघतो?

सगळ्यात जास्त तक्रारी याच आणि रंगारी नाहक बोलणी खातो तीही याच कारणाने.

पहिलं कारण क्षेत्रफळाचं. नखाएवढ्या तुकड्यावर शांत वाटणारा रंग अख्ख्या भिंतीवर चढला की अधिक गडद आणि भडक भासतो. दुसरं कारण वरच्या येरझाऱ्यांचंच. पिवळ्या भिंतीवरून परतलेला उजेड पिवळा होऊन समोरच्या पिवळ्या भिंतीवर पडतो, तिथून आणखी पिवळा होऊन परततो. खोली जितकी लहान, भिंती जितक्या समोरासमोर, तितका रंग स्वतःलाच पुन्हा पुन्हा रंगवतो. पुसट पोपटी म्हणून लावलेला रंग कोपऱ्यात हिरवागार दिसतो तो यामुळे. दिवाणखान्यात शोभून दिसलेली शेड लहान खोलीत जशीच्या तशी उचलू नका. तिच्यापेक्षा एक पायरी फिकट आणि थोडी करडेपणाकडे झुकलेली शेड घ्या.

तिसरं कारण म्हणजे उजेडाची जात. दुकानातल्या दिव्याखाली निवडलेला रंग घरच्या दिव्याखाली वेगळा दिसणारच. काही जोड्या तर अशा असतात की एका दिव्याखाली दोन रंग तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्याखाली सरळ भांडतात. पडद्याशी भिंत जुळवणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो.

नमुना लावून बघायची योग्य पद्धत कोणती?

भिंतीवर थेट चार-पाच पट्टे ओढून ‘यातला बरा कोणता’ असं विचारू नका. प्रत्येक पट्टा शेजारच्याला बिघडवतो, आणि मागचा जुना रंग सगळ्यांनाच बिघडवतो. शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हे १८३९ मध्येच मांडून ठेवलंय. तो पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगाई विभाग सांभाळायचा. विणकरांची तक्रार होती की काळ्या धाग्याला खोली नाही, फिका दिसतो. त्याने तपासलं तर रंग चोख होता. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा धागा फिका दिसत होता. भिंतीचंही तसंच आहे. शुभ्र चौकटीला चिकटलेला मोतिया कळकट दिसतो आणि तोच मोतिया कथ्थई दाराशेजारी उजळ.

मी असं करतो. दोन फूट बाय दोन फुटांचा पुठ्ठा किंवा पातळ प्लायचा तुकडा घ्यायचा. आधी प्रायमर, मग ज्या फिनिशमध्ये, म्हणजे बिनचमक (मॅट) की चकचकीत, भिंत होणार त्याच फिनिशचे दोन हात. कडेने दोन बोटं पांढरी जागा सोडायची, म्हणजे जुन्या भिंतीचा रंग त्याला थेट भिडत नाही. पूर्ण वाळू द्यायचं, कारण इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवलेला भिंतीचा रंग, ओलं असताना फिकट दिसतं आणि वाळल्यावर सहसा थोडं गडद होतं. मग तो पुठ्ठा खोलीत फिरवायचा: खिडकीशेजारी, खिडकीसमोर, सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात आणि एकदा छताला टेकवून. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून. पुठ्ठा उभाच धरायचा. जमिनीवर आडवा ठेवून बघितलेला रंग खोटं बोलतो, कारण आडव्या पृष्ठभागावर उजेड वेगळा पडतो.

आणि निर्णय त्या अंधाऱ्या कोपऱ्यातल्या पुठ्ठ्यावरून करायचा. खिडकीशेजारी सगळेच रंग देखणे असतात.

छताला कोणता रंग? भिंतींपेक्षा फिकट हवाच का?

जुना सल्ला असा की छत भिंतींपेक्षा फिकट ठेवा, म्हणजे ते वर जातं. यातलं अर्धं खरं आहे. जर्मनीतल्या माइन्त्स विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये खोलीच्या उंचीच्या अंदाजावर प्रयोग प्रसिद्ध केले. छत उजळ असेल तर खोली उंच वाटते, आणि भिंती उजळ असतील तरीही उंच वाटते. दोन्ही परिणाम एकमेकांत मिळवले जातात. पण छत आणि भिंत यांच्यातल्या फरकामुळे उंची वाढलेली वाटते, असं काही त्यात दिसलं नाही. म्हणजे भिंती मुद्दाम गडद ठेवून छत पांढरं करण्याने आपण एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेतो.

माझ्या कामात मी लहान खोलीचं छत दोनच प्रकारे करतो. एक तर भिंतीचाच रंग छतावर नेतो, म्हणजे मधली रेघ जवळजवळ विरघळते. नाहीतर त्याच शेडमध्ये बरंच पांढरं मिसळून फिकट केलेला रंग छताला देतो. भिंत मोतिया आणि छत निळसर शुभ्र, अशी जोडी मात्र नको. दोन पांढऱ्यांतला हा झगडा कडेवर असा उमटतो की छताची उंची मोजून मिळते.

भिंतीचा वरचा फूटभर भाग छताच्या पांढऱ्या रंगात रंगवायची एक पद्धत आहे. बुटक्या खोलीत ती टाळा. छत खाली उतरल्यासारखं दिसतं.

छतावरून बीम गेलाय. तो उठावदार करावा का?

अजिबात नको. छताचाच रंग, तेच फिनिश, आणि विषय संपवा.

लहान खोलीत गडद रंग चालतच नाही का?

चालतो, पण अर्धवट मनाने लावलेला चालत नाही. हे उत्तर ऐकून लोक दचकतात, म्हणून सविस्तर सांगतो.

गडद निळा, गडद हिरवा किंवा कोळशासारखा करडा चारही भिंतींना, दाराला, चौकटीला आणि जमल्यास छतालाही दिला, तर कोपरे अंधारात हरवतात. भिंत नेमकी कुठे आहे हे डोळ्याला पटकन सांगता येत नाही. आपल्याला कडा पुसायच्याच होत्या. उजेडाने नाही पुसल्या, अंधाराने पुसल्या. झोपायची छोटी खोली, वाचायचा कोपरा, जिथे वावर मुख्यतः रात्री आणि दिव्याच्या उजेडात असतो, तिथे हा उपाय फार देखणा वाटतो. खोली ‘मोठी’ वाटेल असं मी म्हणणार नाही. ‘किती मोठी’ हा प्रश्न मनात येत नाही, एवढं खरं.

बिघडतं ते असं: तीन भिंती गडद, छत शुभ्र, चौकटी शुभ्र, स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) शुभ्र. प्रत्येक कडेवर पांढरी रेघ ओढलेली. मग ती खोली झाकण लावलेल्या खोक्यासारखी दिसते आणि लोक दोष गडद रंगाला देतात.

गडद रंग घेताना दोन व्यवहारी गोष्टी लक्षात ठेवा. दिवे वाढवावे लागतात, आणि तेही छताला एकच नव्हे, भिंतीलगत दोन-तीन ठिकाणी. शिवाय गडद मॅट भिंतीवर हात किंवा पाठ घासली की पांढरट ओरखडे उमटतात. लहान खोलीत भिंतीला घासून जाणं अटळच असतं.

खोली लांबट आणि अरुंद आहे. एका भिंतीला वेगळा रंग दिला तर?

या प्रकारच्या खोलीत एक वेगळी भिंत खरोखर काम करते, पण ती नेमकी निवडायला हवी. बोगद्यासारख्या खोलीत टोकाची, म्हणजे अरुंद बाजूची भिंत बाकीच्यांपेक्षा दोन-तीन पायऱ्या गडद करा. ती जवळ आल्यासारखी वाटते, लांबी आखडते आणि त्यामुळे रुंदी बरी वाटू लागते. दोन्ही लांब भिंती फिकट ठेवा. लांब भिंतींपैकी एक गडद केलीत तर खोली आणखी आवळते.

चौकोनी लहान खोलीत मात्र उठावदार भिंतीचा मला कंटाळा आलाय. तीन भिंती म्हणतात मागे सरक आणि चौथी म्हणते पुढे ये. करायचीच असेल तर पलंगाच्या उशाची करा, म्हणजे झोपताना ती डोळ्यांसमोर नसते. खिडकीची भिंत गडद करू नका. खिडकीतून येणाऱ्या झगझगीत उजेडाशेजारी ती आणखी काळवंडते आणि डोळ्यालाही त्रास होतो.

निळा-हिरवा मागे सरकतो, लाल-पिवळा पुढे येतो, हे खरं का?

थोडंफार खरं आहे, पण याचा गाजावाजा गरजेपेक्षा जास्त झालाय. भिंत लांब वाटण्यात रंग निळा की तांबडा यापेक्षा तो किती उजळ आहे याचा वाटा मोठा. फिकट अबोली भिंत गडद निळ्या भिंतीपेक्षा दूरच वाटते. म्हणून आधी उजळपणा ठरवा, मग भडकपणा कमी करा, आणि निळा-पिवळा हा वाद सगळ्यात शेवटी घाला.

एक गोष्ट मात्र जाता जाता. संध्याकाळ होताना, दिवे लावायच्या आधीच्या त्या अर्ध्या तासात लाल-तांबूस रंग झपाट्याने काळवंडतात आणि निळे-हिरवे जास्त वेळ उजळ राहतात. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे नोंदवलं आणि आजही परिणाम त्याच्याच नावाने ओळखला जातो. कमी उजेडात डोळ्यातल्या वेगळ्या पेशी काम सांभाळतात आणि त्या लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या असतात. संध्याकाळी दिवा न लावता बसायची सवय असलेल्यांनी विटकरी भिंत करताना हे ध्यानात घ्यावं.

दारं, चौकटी, स्कर्टिंग पांढरेच ठेवायचे ना?

मोठ्या खोलीत पांढरी चौकट नीटनेटकी दिसते. लहान खोलीत ती चित्राभोवतीच्या फ्रेमसारखी भिंतीचा तुकडा कापून दाखवते. स्कर्टिंग, चौकट, दार आणि शक्य असेल तर भिंतीतलं कपाटही भिंतीच्याच रंगात करा. फिनिश वेगळं चालेल: भिंत मॅट, लाकूड सॅटिन, म्हणजे हलक्या चमकेचं. रंग तोच, चमक थोडी वेगळी, तेवढा फरक पुरतो.

कपाटाचं तर मी हट्टाने सांगतो. सात फूट उंच, गडद कथ्थई कपाट फिकट भिंतीवर उभं केलं की खोलीत एक माणूस पाठमोरा उभा असल्यासारखं वाटतं. तेच भिंतीच्या रंगात गेलं की नजर त्याच्यावरून घसरून पुढे जाते. खोलीचा चेहरा बदलायला कधीकधी एवढं एकच काम पुरतं.

मॅट की चकचकीत? चकचकीतमुळे उजेड वाढतो असं ऐकलंय.

चकचकीत रंग उजेड ‘वाढवत’ नाही, एका दिशेने फेकतो. त्यामुळे भिंतीवर दिव्याचा आणि खिडकीचा ठिपका दिसतो, आणि ठिपका दिसला की भिंत नेमकी कुठे आहे ते कळतं. वर पुट्टीच्या लाटा, रोलरचे जोड, जुन्या खिळ्यांचे उंचवटे, सगळं उघडं पडतं, विशेषतः खिडकी बाजूला असेल तेव्हा.

मॅट उजेड सगळीकडे पसरवतं आणि पृष्ठभागाचे दोष झाकतं. म्हणून छताला मॅट, भिंतींना मॅट किंवा अगदी हलकी झळाळी असलेलं. लहान मुलं किंवा मांजर-कुत्रा असेल, भिंती पुसायची वेळ येत असेल, तर धुता येणारं मॅट किंवा सॅटिन घ्या. एक अपवाद: अरुंद पॅसेजमध्ये सॅटिन बरं पडतं. तिथे भिंतीला सतत हात लागतो आणि टोकाच्या उजेडाची हलकी झाक आतपर्यंत ओढली जाते.

दिव्यांचा रंग बदलला तर भिंतीचा रंग बदलतो का?

दिसायला बदलतोच. दिव्याच्या खोक्यावर उजेडाची छटा सांगणारा केल्विनचा आकडा असतो: २७०० पिवळसर, ४००० मधला, ६५०० निळसर पांढरा. निळसर-करड्या भिंतींवर २७०० चा दिवा पडला की त्या मातकट किंवा हिरवट दिसू लागतात, आणि मोतिया भिंतीवर ६५०० चा दिवा पडला की ती आजारी दिसते. आधी दिवे ठरवा, मग रंग. उलटं केलं तर निदान नमुन्याचा पुठ्ठा तरी स्वतःच्या दिव्याखाली पाहा. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, ९० च्या आसपास असेल तर रंग खरे दिसतात. ८० च्या खाली असेल तर भारीतला रंगही निस्तेज वाटतो.

आणि छताच्या मधोमध एकच दिवा असेल तर कोपरे अंधारेच राहणार, मग शेड कोणतीही घ्या. भिंतीवर उजेड टाकणारा एक साधा दिवा कोपऱ्यात ठेवून बघा.

भिंतीवर उभे पट्टे काढले तर खोली उंच दिसते ना?

गंमत बघा: हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात दाखवलं की आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उंच वाटतो आणि उभ्या रेघांचा रुंद. सर्रास दिल्या जाणाऱ्या सल्ल्याच्या बरोब्बर उलट! कागदावरचा चौकोन आणि अख्खी खोली यात फरक आहे, त्यामुळे यावरून लगेच आडवे पट्टे ओढायला घेऊ नका. लहान खोलीत कुठलेही ठळक पट्टे म्हणजे कडाच कडा. हौसच असेल तर एकाच रंगाच्या दोन लगतच्या छटांत करा.

फरशी गडद आहे, ती बदलता येणार नाही. काय करू?

भिंती आणि छत दोन्ही उजळ ठेवा, स्कर्टिंग फरशीच्या नव्हे, भिंतीच्या रंगात करा आणि जमिनीवर फिकट रंगाचा मोठा गालिचा टाका. लहान-लहान तीन नकोत, मोठा एकच.

प्रत्येक खोलीला वेगळा रंग दिला तर घर लहान वाटतं का?

दार उघडं असताना एका खोलीतून दुसरी दिसत असेल तर हो. नजर दारातून पलीकडे जाते आणि रंग बदलला की तिथेच अडखळते. एकाच कुळातले रंग ठेवले, समजा दिवाणखाना मोतिया, आतली खोली त्याहून थोडी गडद बदामी, तर नजर थेट शेवटच्या भिंतीपर्यंत जाऊन टेकते आणि तेवढं सगळं अंतर आपलं वाटतं. भडक हौस असेल तर ती बंद दारामागच्या खोलीत भागवा. बाथरूम त्यासाठी उत्तम जागा आहे. तिथे कोणी तासनतास बसत नाही.

फिकट रंग मळतो. मळखाऊ रंग घ्यावा का?

‘मळखाऊ’ म्हणून घेतलेला रंग पहिल्या दिवसापासूनच मळलेला दिसतो, हे माझं प्रामाणिक मत. फिकट रंग धुता येणाऱ्या फिनिशमध्ये घ्या आणि उरलेला अर्धा लिटर घट्ट झाकण लावून, वर शेडचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा. बटणांभोवतीचे डाग त्यातून निघतात. फक्त दोन-तीन वर्षांनी भिंतीच्या मधोमध ठिगळ लावू नका. जुना रंग तोवर बदललेला असतो, त्यामुळे एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंतच मारा.

दहा बाय दहाच्या खोलीला किती रंग लागेल?

उंची नऊ फूट धरली तर चार भिंती मिळून ३६० चौरस फूट. दार-खिडकी वजा केल्यावर साधारण ३२० उरतात, म्हणजे सुमारे ३० चौरस मीटर. चांगलं इमल्शन एका हाताला लिटरमागे १० ते १२ चौरस मीटर पुरतं. दोन हातांचे पाच ते सहा लिटर झाले. छताचे ९ चौरस मीटर वेगळे धरा, त्याला दोन हातांना दोन लिटर पुरतात. भिंत खडबडीत किंवा कोरी असेल तर जास्त पिते, म्हणून प्रायमर वाचवू नका.

झगझगीत पिवळे आणि लाल रंग मात्र या हिशेबात बसत नाहीत. त्यांची झाकायची ताकद कमी असते, दोन हातांनंतरही खालचं दिसत राहतं. तिसरा, कधी चौथा हात धरून चाला, किंवा रंगाऱ्याला अस्तराचा हातच त्या शेडजवळच्या रंगाचा मारायला सांगा.

भाड्याचं घर आहे, भिंतींना हात लावायची परवानगी नाही.

मग भिंतीच्या रंगाचे पडदे, छतापासून जमिनीपर्यंत, आणि खिडकीच्या चौकटीबाहेर दोन्हीकडे वीतभर जास्त रुंद. पडदा आणि भिंत एक झाली की खिडकी केवढी आहे तेही कळत नाही. पडद्याचं कापड आणायला जाताना भिंतीचा फोटो नेऊ नका, फोटोत रंग बदलतो. उलट कापडाचा तुकडा मागून आणा आणि रात्री दिवा लावून भिंतीवर टाचून बघा.